गणवेश, छात्रसैनिकांचा
सैनिकी शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी परिधान करावयाचा ठराविक पोशाख व त्याच्याशी निगडित असलेले नियम, संकेत आणि समारंभ. सैनिकाचा गणवेश त्याचे दल व हुद्दा दर्शवितो. छात्राला मात्र अद्याप हुद्दा नसतो. त्यामुळे त्याच्या गणवेशाचे मुख्य कार्य घर, जात, भाषा व सांपत्तिक स्थिती यांचे बाह्य भेद झाकणे हे होय. अहेरी परिसरातील गोंडी, माडिया वा तेलुगू बोलणारा मुलगा आणि पुण्यातील अधिकाऱ्याचा मुलगा संचलनात वेगळे ओळखू येऊ नयेत, अशी अपेक्षा असते.

खाकी रंग हॅरी लम्सडेन याने 1846 नंतर पेशावरच्या ‘गाइड्स’ पलटणीत रूढ केला. ‘खाक’ म्हणजे धूळ, या फार्सी शब्दावरून हे नाव आले. 1917 च्या विद्यापीठ पथकांपासून तो छात्रांपर्यंत पोहोचला. पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून राष्ट्रीय छात्रसेना 1948 मध्ये स्थापन झाली व पुढील वर्षी तिची मुलींची शाखा निघाली. भूदल शाखेस खाकी व नौदल शाखेस पांढरा असे वेष असले, तरी सावधान-विश्रामाच्या हिंदी आज्ञा सर्वांना सारख्याच असतात. छात्रसेना 1963 मध्ये महाविद्यालयांत सक्तीची झाली व 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक ठरली. ऐच्छिक झाल्यावर गणवेशाला लाभलेली प्रतिष्ठा सक्तीच्या काळात क्वचितच होती.

कापडाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. शासकीय भांडारातून येणारा पोशाख अनेकदा आधीच्या छात्राने वापरलेला असे. बूट मोठे, तर विजार आखूड. 2022 पासून गणवेशाचा भत्ता छात्राच्या बँक खात्यात थेट जमा करण्याची व्यवस्था सुरू झाली. मापाची अडचण यामुळे दूर होते. परंतु प्रत्येकाने आपापल्या बाजारातून कापड घेतल्यास खाकीच्या छटा वेगवेगळ्या होतात, आणि दुर्गम तालुक्यात चांगला शिंपी गाठण्याचा प्रवास भत्त्यात धरलेला नसतो. एकरूपतेचा दंडक पाळण्याचा भार अशा रीतीने भांडाराकडून छात्राकडे सरकतो.

सैनिकी शाळांपैकी पहिली सातारा येथे 23 जून 1961 रोजी सुरू झाली. महाराष्ट्रातील दुसरी शाळा 2019 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ निघाल्याने या वनप्रदेशाला अशी संस्था प्रथमच जवळ आली. या शाळांत अनुसूचित जमातींसाठी 7.5 टक्के जागा राखीव असतात. 2021-22 पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

अधिक खोल बदल खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडला. तिन्ही दलांच्या छात्रांना तीन वर्षे एकत्र शिकविण्याची ही संस्था 1955 मध्ये विधिवत सुरू झाली. तोवर हे शिक्षण डेहराडूनला चाले. सर्वोच्च न्यायालयाच्या 18 ऑगस्ट 2021 च्या अंतरिम आदेशाने तिची प्रवेशपरीक्षा स्त्रियांना खुली झाली. 2022 मध्ये त्यांची पहिली तुकडी दाखल झाली आणि 30 मे 2025 रोजी 17 छात्रा उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. परंपरा मोडेल, ही भीती आधी बोलून दाखविली जात होती. दीक्षान्त संचलन व अखेरचे ‘अंतिम पग’ हे विधी पूर्ववत पार पडले.

छात्रजीवनातील परंपरा दोन प्रकारच्या असतात. संचलन, ध्वजवंदन, भोजनगृहातील शिष्टाचार यांना लेखी आधार असतो. ज्येष्ठांनी कनिष्ठांस दिलेली शिक्षा, छात्रांच्या बोलीतील ‘रगडा’, ही केवळ तोंडी चालत आलेली असते. पहिली बदलण्यास फक्त आदेश लागतो. नौदलाने 2023 मध्ये अधिकाऱ्यांनी छडी बाळगण्याची वसाहतकालीन प्रथा बंद केली, तर त्याच वर्षी सिंधुदुर्ग येथे जाहीर झालेल्या नव्या स्कंधचिन्हांत शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचा अष्टकोन आला. दुसऱ्या प्रकारच्या प्रथा मात्र बंदी असूनही टिकतात, कारण कालचा कनिष्ठ आज ज्येष्ठ झालेला असतो व सोसलेले त्रास त्याला हक्कासारखे वाटू लागतात. गणवेशाची इस्त्री, बुटांची चकाकी किंवा टोपीवरील तुऱ्याचा कोन हेच अशा शिक्षेचे नेहमीचे निमित्त असते.