वेशीबाहेरचे बांधव : रोमा कुटुंबांतील प्रेषितकार्य

युरोपातील रोमा समाजाची भाषा आपल्या कानांस सर्वस्वी परकी नाही. पाण्यास ते 'पानी' म्हणतात, माणसास 'मनुश' आणि परमेश्वरास 'देवेल'. धर्मशिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे की, ख्रिस्ताच्या क्रुसास त्यांच्या बोलीत 'त्रुशुल' असा शब्द आहे. सुमारे एक सहस्र वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून पश्चिमेकडे गेलेल्या या लोकांनी नवा धर्म स्वीकारला, तो आपल्या जुन्या शब्दांसह. आज युरोपात त्यांची संख्या एक कोटीच्या वर असावी असा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती आहेत. तथापि ख्रिस्तसभेच्या नित्य जीवनात त्यांचे स्थान बहुधा दाराबाहेरचेच राहिले आहे. असे का झाले, हे समजून घेतल्याखेरीज त्यांच्यातील प्रेषितकार्याचे स्वरूप कळणार नाही.

पहिले कारण इतिहासात आहे. आज रुमानियात मोडणाऱ्या वालाखिया व मोल्दाविया या प्रांतांत रोमा लोक कित्येक शतके गुलाम होते. त्यांचे धनी राजे व सरदार होते, तसेच ख्रिस्ती मठही होते. ही गुलामगिरी 1855–56 साली पूर्णपणे संपली. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने त्यांस 'सुधारण्या'साठी भटकंतीवर व त्यांच्या भाषेवर बंदी घातली, आणि मुले आईबापांपासून तोडून परक्या ख्रिस्ती घरांत वाढविण्याची आज्ञा केली. पुढे नाझी राजवटीत लक्षावधी रोमा मारले गेले; 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री ऑशविट्झ-बिर्केनाऊ येथील त्यांची संपूर्ण कुटुंबछावणीच संपविण्यात आली. ज्यांनी आपणांस क्रूस दाखविला त्यांच्याच हाती साखळीही होती, ही आठवण घेऊन जगणाऱ्यांपाशी सुवार्ता घेऊन जाणाऱ्याने प्रथम ऐकावयास शिकले पाहिजे.

या दृष्टीने 26 सप्टेंबर 1965 हा दिवस महत्त्वाचा होय. त्या दिवशी पोप सहावे पॉल रोमजवळील पोमेझिया येथील छावणीत गेले आणि, तुम्ही ख्रिस्तसभेच्या काठावर नसून तिच्या हृदयात आहात, अशा आशयाचे शब्द त्यांनी उच्चारले. 2005 साली व्हॅटिकनने या समाजाच्या पाळकीय सेवेसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. 2 जून 2019 रोजी रुमानियातील ब्लाज येथे पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या वतीने रोमा बांधवांची क्षमा मागितली.

परंतु क्षमायाचनेने पोट भरत नाही. स्लोव्हाकियातील कोशित्से शहराच्या कडेला लुनिक नऊ नावाची रोमा वस्ती आहे. मोडकळीस आलेल्या इमारती, पाण्याची ददात आणि बेकारी यांसाठी ती कुप्रसिद्ध झाली. सालेशियन धर्मगुरू 2008 पासून त्या वस्तीतच राहून सेवा करीत आले आहेत. 14 सप्टेंबर 2021 रोजी पोप फ्रान्सिस यांनी तेथे भेट दिली. येथे प्रश्न उपस्थित होतो : भाकरी आधी की धर्मशिक्षण आधी? आम्हांस वाटते की हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. चेक प्रजासत्ताकात रोमा मुलांना मोठ्या प्रमाणावर मंदबुद्धी मुलांच्या शाळांत घालण्यात येत होते. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2007 साली हा भेदभाव ठरविला. ज्या मुलास शाळा मंद ठरविते, त्यास 'तू देवाची प्रतिमा आहेस' असे शिकवावयाचे, तर त्याच्या शाळेचा प्रश्नही धर्मशिक्षकाचाच होतो. दुसऱ्या बाजूने, केवळ धान्य वाटून परतणारा सेवक त्या कुटुंबास कायमचे याचक करून ठेवतो.

यातून वाट कशी काढावी, हे एका रोमा धर्मशिक्षकाच्याच जीवनात दिसते. सेफेरिनो हिमेनेस माया (जन्म 1861) हे स्पेनमधील बार्बास्त्रो येथे घोडे व खेचरे यांचा व्यापार करीत. त्यांस लिहितावाचता येत नव्हते. त्यांचा विवाह प्रथम रोमा रीतीने झाला. ख्रिस्तसभेत तो 1912 साली विधिपूर्वक लागला. ते रोमा मुलांस आणि इतरांच्याही मुलांस प्रार्थना व धर्म शिकवीत. 1936 साली यादवी युद्धाच्या आरंभी एका तरुण धर्मगुरूचा पक्ष घेतल्यामुळे त्यांस अटक झाली. हातातील जपमाळ त्यांनी सोडली नाही, आणि त्यांस गोळ्या घालण्यात आल्या. 4 मे 1997 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस धन्यवादित घोषित केले. हा मान मिळालेले ते पहिले रोमा होत. ज्या समाजाकडे आपण केवळ शिकविण्यासाठी जातो, त्याच समाजातून देव शिक्षक उभा करितो.

फ्रान्समध्ये 1950 नंतर पाळक क्लेमां ल कॉसेक यांच्या सेवेतून रोमांमध्ये जी पेंटेकॉस्टल चळवळ वाढली, तिचेही बळ हेच : त्यांचे उपदेशक त्यांच्यातूनच निघाले. सिद्धान्ताचे मतभेद बाजूस ठेवून कॅथलिक सेवकांनी हा धडा घ्यावयास हवा.

रोमा कुटुंबांत स्नानसंस्काराविषयी मोठी आस्था असते. पण संस्कारानंतर रविवारच्या मिस्सेस आलेल्या त्या मातेस बाकावर सरकून जागा कोण देतो? येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, म्हणून आपणही वेशीबाहेर त्याच्याकडे जावे, असे इब्रीकरांस पत्र सांगते. आपल्या धर्मग्रामाच्या वेशीबाहेरही तांडे आणि पाले आहेत. तेथे जाताना देण्यासाठी काय न्यावे याचा विचार आपण करितोच. तेथून धर्मशिक्षक म्हणून कोणास पुढे आणावे, याचाही विचार आता व्हावा.