महागडं घड्याळ बिघडलं: काय दुरुस्त करायचं, काय बदलू द्यायचं नाही

आजचा विषय जरा खर्चिक आहे. घरात एखादं रोलेक्स, ओमेगा किंवा कार्टिए असतं. कुणाचं वडिलांकडून आलेलं, कुणी पहिल्या मोठ्या बोनसमधून घेतलेलं. एक दिवस ते फरशीवर पडतं किंवा त्यात पाणी जातं. सर्व्हिस सेंटरवाले तपासून एक कागद हातात देतात: मशीनचं सर्व्हिसिंग, नवी काच, नवी तबकडी, नवे काटे, केसला पॉलिश. खाली आकडा आणि सहीची जागा. आपण आकडा बघून दचकतो, आणि वरच्या ओळी न वाचताच सही करतो. आज त्या वरच्या ओळी वाचूया. त्यातल्या काही ओळी घड्याळ वाचवतात, आणि काही ओळींनंतर परत येतं ते घड्याळ तुमचं उरत नाही.

आधी पाण्याचं बोलू, कारण तिथे घाई लागते. तबकडीवर ‘३० मीटर’ लिहिलेलं असलं, तरी ते घालून पोहावं असा त्याचा अर्थ नाही. हात धुताना उडालेले थेंब, पावसाचा शिडकावा एवढंच ते धरून चाला. पाणी अडवतात त्या आतल्या रबरी रिंगा, आणि रबर वयानुसार कडक होतं. दहा वर्षं न उघडलेलं घड्याळ मूळ मीटरचा आकडा पाळेलच असं नाही. काचेच्या आत वाफ दिसली, की घड्याळ हातातून काढा, चावी देऊ नका, हलवू नका, आणि शक्य तर त्याच दिवशी उघडून घ्या. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय विसरा. वाफ दोन दिवसांत दिसेनाशी होते, पण ओल आतच असते आणि पोलादाच्या बारीक भागांवर गंज धरत राहते. हेअर ड्रायरही नको. समुद्राचं पाणी असेल तर एकेक दिवस महाग पडतो. आज उघडलं तर साफसफाईवर भागेल, महिन्याने उघडलं तर भाग बदलावे लागतील.

आता मशीन. आजच्या बऱ्याच ऑटोमॅटिक घड्याळांत तासाला २८,८०० ठोके पडतात, म्हणजे दिवसाला जवळजवळ सात लाख. तेल सुकतं, दात झिजतात. झिजलेलं चाक किंवा तुटलेली स्प्रिंग बदलायला अजिबात कचरू नका, फक्त भाग त्याच कंपनीचा, त्याच मशीनचा असू द्या. ते बदलण्यासाठीच असतात. आणि प्रत्येक बिघाड मोठा नसतो. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळू लागलं, तर आधी चुंबकाचा संशय घ्या. स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं बटण, कशातही चुंबक असतो. त्याने आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. एका छोट्या यंत्रावर ठेवलं की काही मिनिटांत चुंबकत्व उतरतं. त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचं बिल कुणी लावत असेल तर प्रश्न विचारा.

खरा निर्णय असतो तो घड्याळाच्या चेहऱ्याचा: तबकडी, काटे आणि केस.

सर्व्हिस सेंटरची बाजूही समजून घ्या. त्यांना घड्याळ नव्यासारखं करून गॅरंटी द्यायची असते. पिवळी पडलेली तबकडी, अंधारात न चमकणारे काटे त्यांच्या लेखी दोष आहेत. जुन्या घड्याळाच्या बाजारात मात्र तेच मूळ भाग किमतीचा मोठा हिस्सा असतात. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेते पॉल न्यूमन यांचं रोलेक्स डेटोना सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. नाव तर होतंच, पण त्या घड्याळाची विशिष्ट तबकडी शाबूत होती, आणि पाठीमागे त्यांच्या पत्नीने ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचा मजकूर कोरून घेतला होता. तो मजकूर कुणी पॉलिश करून पुसला असता तर? आपलं घड्याळ लिलावात जाणार नाही, हे खरं. पण वडिलांच्या निवृत्तीला कोरलेली अक्षरं आपल्यालाही तितकीच मोलाची असतात.

पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं. एकदा चालतं, पण तीन-चारदा केलं की केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, आणि गेलेला धातू परत येत नाही. काचेचं वेगळं आहे. जुन्या घड्याळाची काच बहुधा ॲक्रिलिकची असते, तिच्यावरचे ओरखडे पेस्टने निघतात. सफायर काच हिऱ्याखालोखाल कठीण, सहसा ओरखडत नाही, पण आपटली तर फुटते आणि मग बदलावीच लागते. फुटली की घड्याळ लगेच थांबवा, कारण तिचा चुरा मशीनमध्ये जातो. आणखी एक गोष्ट: काट्यांवरच्या चमकीला आपण सरसकट ‘रेडियम’ म्हणतो, पण १९६० च्या दशकापर्यंत ते खरोखर रेडियम असायचं. अशी तबकडी घरी उघडून खरवडू नका. धूळ श्वासात जाणं धोक्याचं असतं.

म्हणून घड्याळ देतानाच कागदावर लिहून घ्या: पॉलिश नको, तबकडी आणि काटे विचारल्याशिवाय बदलू नयेत, बदललेले भाग परत हवेत. काही कंपन्या जुने भाग परत देत नाहीत, काही अशा अटींवर काम घेत नाहीत. ते देण्याआधी कळलेलं बरं. तबकडीचे, केसवरच्या नंबरचे आणि शक्य तर मागचं झाकण उघडून मशीनचे फोटो काढा.

मग गल्लीतल्या जाणत्या घड्याळजीकडे द्यावं का? साधी, जुनी चावीची घड्याळं अनेकदा तिथेच उत्तम होतात. अडचण सुट्या भागांची आहे, कारण बऱ्याच स्विस कंपन्या ते बाहेर विकत नाहीत. त्यातूनच जोडकाम सुरू होतं. चार घड्याळांचे भाग एकत्र करून, तबकडी नव्याने रंगवून विकलेल्या घड्याळाला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं गाजावं, याची मला गंमतही वाटते आणि लाजही. तबकडी ‘नवी करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर तुमचं मूळ घड्याळ त्याच वाटेवर आहे असं समजा.

संपूर्ण घड्याळ बदलणं कधी शहाणपणाचं? दुरुस्तीचा अंदाज त्याच मॉडेलच्या चांगल्या सेकंडहँड घड्याळाच्या किमतीजवळ गेला, आणि त्या घड्याळाशी काही आठवण जोडलेली नसेल, तेव्हा. विमा असेल तर नीट विचारा. पूर्ण नुकसानीची भरपाई घेतली, तर मोडकं घड्याळ विमा कंपनी आपल्याकडे ठेवू शकते. वडिलांचं घड्याळ असं हातचं जाऊ द्यायचं का, हे दावा भरण्याआधी ठरवा. आठवणीचं, पण फार जुनं असेल तर कंपनीला पत्र लिहून पाहा. पाटेक फिलिप तर १८३९ पासूनच्या आपल्या कुठल्याही घड्याळाचं काम घेते. दुरुस्तीसाठी स्वतः परदेशी नेणार असाल, तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परतताना स्वतःच्याच घड्याळावर ड्युटी मागितली जाऊ शकते.

घड्याळ परत आलं की काउंटरवरच आधीचे फोटो काढून ताडून बघा: तबकडीवरचा डाग जागेवर आहे का, नंबर तोच आहे का, कडा तशाच आहेत का. पाण्याच्या दाबाची चाचणी केली असेल तर तिचा कागद मागा. सही त्यानंतर.