थंडी तिकडची, माप इकडचे

बेळगावकराला ओव्हरकोट लागत नाही. आपली डिसेंबरची थंडी स्वेटर, मफलर आणि गरम चहा एवढ्यावर निभावते. तरीही हल्ली खडेबाजारात कापडवाल्यांकडे आणि टेलर मास्तरांकडे ओव्हरकोटची विचारपूस होताना कानावर येते. कारण सरळ आहे. आपली मुले जर्मनी, इंग्लंड, आयर्लंडकडे शिकायला आणि नोकरीला जाऊ लागली आहेत. प्रवेश, व्हिसा, बँकेचे कर्ज, विमानाचे तिकीट ही कामे उरकली की घरात शेवटचा प्रश्न उरतो तो थंडीचा. आणि हा प्रश्न निघाला की घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो.

माझा भाचा पुढील शिक्षणासाठी जर्मनीला निघाला तेव्हा आमच्याकडेही हेच झाले. दाजी म्हणाले, ‘‘लग्नाच्या सुटासारखा झकास कोट शिवून घेऊ.’’ भाच्याला फुगीर जॅकेट हवे होते. आक्काचे लक्ष बॅगेच्या तेवीस किलोंवर. आणि घरात कानडीशिवाय दुसरे न बोलणाऱ्या दाजींच्या आई, ‘‘भाळ चळी ऐतंत अल्ली,’’ एवढेच पुन:पुन्हा म्हणत होत्या. तिकडे फार थंडी आहे म्हणे, ही त्यांची काळजी सगळ्यात खरी होती. शेवटी, ‘‘मामा, तुम्हीच सांगा की,’’ म्हणून प्रकरण माझ्याकडे आले. प्राध्यापकाला सगळे कळते हा आपल्या समाजाचा जुना समज आहे. मग मी वाचले, दोन जुन्या मास्तरांकडे जाऊन बसलो, आणि जे हाती लागले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे मांडतो.

नावांचा गोंधळ

‘ओव्हरकोट’ म्हणजे सुटावर किंवा स्वेटरवर घालायचा, जाड लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा कोट. त्याचेच हलके भावंड म्हणजे ‘टॉपकोट’. तो ऑक्टोबर किंवा मार्चसारख्या मधल्या ऋतूसाठी. ‘ट्रेंच कोट’ ही तिसरीच गोष्ट. तो घट्ट विणीच्या गॅबर्डीन कापडाचा, मुख्यतः पाऊस-वाऱ्यासाठी असतो. दुकानात तिन्हींना सर्रास ओव्हरकोट म्हणतात, म्हणून नावावर न जाता कापड हातात घेऊन बघावे.

ओव्हरकोटचेही घराणे आहे. ‘चेस्टरफील्ड’ हा इंग्लंडातल्या एका उमरावाच्या नावावरून एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला प्रकार. कमरेला शिवण नसलेला, सरळ उतरणारा आणि कधी मखमली कॉलर असलेला. आज साध्या एकेरी बटणपट्टीचे जे कोट दिसतात, ते बहुतेक याचेच वंशज. ‘पोलो कोट’ उंटाच्या लोकरीचा, बदामी रंगाचा, दुहेरी बटणांचा. पोलोचे खेळाडू दोन डावांच्या मधल्या वेळात तो अंगावर टाकत. हा खेळ इंग्रजांनी उचलला तो आपल्या मणिपूरकडून, तेव्हा या कोटाचे एक टोक आपल्याकडे निघते. ‘ब्रिटिश वॉर्म’ हा पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांचा कोट, खांद्यावर पट्ट्या आणि चामडी बटणे असलेला.

लष्कराचे नाव निघाले की बेळगावकराला मराठा लाइट इन्फंट्री आठवणारच. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. तिथे १९४४ मध्ये यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सह्याद्रीच्या उतारावरची ही माणसे युरोपातला हिवाळा सोसून आली. युरोपची थंडी आपल्या मातीला नवीन नाही. फरक इतकाच की त्यांचे कपडे सरकारने दिले होते, आपल्या मुलांचे आपल्याला निवडायचे आहेत.

कापड : घोंगडी आठवा

लोकरीचे गणित समजायला विलायतेला जावे लागत नाही. आपल्या धनगर-कुरुबांची घोंगडी, म्हणजेच कानडीतली कंबळी, डोळ्यांपुढे आणा. दख्खनी मेंढीची राठ लोकर, चिंचोक्यांच्या खळीने ताठ केलेली. भर पावसात मेंढके ती डोक्यावरून घेऊन उभे राहतात. थोडी ओली झाली तरी लोकर ऊब सोडत नाही, हा तिचा गुण.

ओव्हरकोटसाठी वाखाणले जाणारे ‘मेल्टन’ कापड याच गुणावर उभे आहे. लोकरी कापड विणून झाल्यावर ते भिजवून, कुटून इतके आटवतात की धागे एकमेकांत गुंततात आणि वीण दिसेनाशी होते. त्यातून वारा सहज शिरत नाही. सुटाचे कापड मीटरला साधारण अडीचशे-तीनशे ग्रॅम भरते, खऱ्या ओव्हरकोटचे पाचशेच्या पुढे. वजन विचारल्याशिवाय कापड फाडू देऊ नये. ‘सुपर हंड्रेड’, ‘सुपर वन-ट्वेंटी’ हे आकडे लोकरीचा तलमपणा सांगतात, ऊब सांगत नाहीत. त्यांना भुलून जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

लोकर ऐंशी टक्के आणि नायलॉन वीस टक्के असे मिश्रण वाईट नसते, उलट टिकाऊ असते. पण ‘वूल टच’, ‘वूल लूक’ असे लिहिलेले असेल तर सावध व्हावे. शंका आली तर कडेचा एक धागा काढून जपून जाळून बघावा. लोकर जळाली की केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची टणक गोळी होते. आपल्या आयाबाया साडीचे रेशीम याच रीतीने पारखत आल्या आहेत.

रंग, बेत आणि लांबी

एकच कोट घ्यायचा असेल तर तो मुलाखतीला, कॉलेजला, मित्राच्या लग्नाला आणि जीन्सवर बाजारातही चालला पाहिजे. त्यासाठी गडद राखाडी किंवा गडद निळा रंग निवडावा. काळा रंग रात्रीच्या समारंभाला शोभतो, पण त्यावर प्रत्येक कस्पट उठून दिसते. बदामी फार देखणा, पण लवकर मळतो. तो दुसरा कोट म्हणून ठीक.

बटणपट्टी एकेरी, तीन बटणांची. दुहेरी पट्टीने छातीवर कापडाचे दोन थर येतात, ऊब वाढते, पण तो उघडा टाकला की दोन्ही बाजू लोंबतात. कॉलरची पाती ना रुंद, ना अरुंद. फॅशन बदलली तरी मधले माप हास्यास्पद ठरत नाही. लांबी गुडघ्याला टेकेल इतकी. मांडीपर्यंतचे आखूड कोट आज आकर्षक दिसतात, पण सुटाचा कोट खालून डोकावला तर सगळी शोभा जाते. उंची कमी असेल तर गुडघ्याच्या किंचित वर थांबावे.

माप आणि ट्रायल

शर्टावर ओव्हरकोटचे माप देऊ नये. जो सूट किंवा जाड स्वेटर आत घालायचा, तो अंगावर घालूनच मास्तरांपुढे उभे राहावे. खांद्याची शिवण आतल्या कोटाच्या खांद्याच्या अगदी किंचित बाहेर पडावी. बाही आतला कोट आणि शर्टाचा कफ झाकून अंगठ्याच्या मुळापर्यंत यावी. कमर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पण चुकलेला खांदा दुरुस्त करणे म्हणजे कोट जवळजवळ नव्याने शिवणे. तयार कोट घेतानाही हाच नियम : आधी खांदा, मग बाकी सगळे.

ट्रायलला सगळी बटणे लावून बसून बघावे. बसमधला दांडा धरतो तसे हात वर आणि पुढे करावेत. बटणापाशी फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर कोट तंग आहे. पुढे एक मूठ आत जाईल इतकी जागा हवी. मानेमागे कॉलर उचलून राहता कामा नये.

छातीच्या आतल्या आधाराच्या कापडाचाही प्रश्न आहे. ते कॅनव्हासचे आणि टाक्यांनी बसवलेले असेल तर कोट वर्षानुवर्षे आकार धरतो. नुसते इस्त्रीने चिकटवलेले असेल तर काही धुलाईंनंतर फुगे येण्याची भीती असते. अस्तर व्हिस्कोसचे असावे, बाही झटकन आत जाते आणि घामही कमी येतो. आत पासपोर्ट मावेल असा एक खोल खिसा सांगून करून घ्यावा.

आमच्या मास्तरांनी कापड चिमटीत धरले आणि म्हणाले, ‘‘सर, दोन ट्रायल आणि पंधरा दिवस द्या. जाड कापडाला घाई चालत नाही.’’ ज्या मास्तराला हे सांगायचे धैर्य आहे त्याच्याकडेच कापड द्यावे. प्रौढ माणसाला दुहेरी पन्ह्याचे अडीच ते तीन मीटर कापड लागते. एकदा कात्री चालली की परतीची वाट नाही.

इथे शिवावा की तिथे घ्यावा?

याचे एकच उत्तर नाही. मुलगा कॅनडाच्या उणे वीस अंशांत जाणार असेल तर सुंदर ओव्हरकोटही पुरणार नाही. तिथे पिसांचे जॅकेटच हवे आणि ते तिथेच घ्यावे. इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्थांच्या दुकानांतून वापरलेले पण उत्तम लोकरीचे कोट मिळतात, आणि नाताळनंतर युरोपभर सेल लागतात. कर्ज काढून जाणाऱ्या मुलाने तिथे पोचून स्वस्तात कोट घेतला तर त्यात कमीपणा काहीच नाही. उलट, अंगकाठी नेहमीच्या मापात बसत नसेल, ओळखीचा कसबी मास्तर हाताशी असेल आणि नोकरीच्या मुलाखती समोर असतील, तर इथे शिवलेला कोट परवडतो. बॅगेत न भरता अंगावर किंवा हातावर घेऊन विमानात बसावे, दोन किलो वाचतात.

आमच्या घरात राखाडी कोट शिवला गेला आणि फुगीर जॅकेट भाच्याने तिथे घेतले. दाजींनी कोटासाठी स्वतःचा नवा मोबाइल लांबणीवर टाकला, हे मला आक्काकडून कळले.

रशियन लेखक गोगोल यांची ‘ओव्हरकोट’ ही १८४२ सालची कथा मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. त्यातला गरीब कारकून कोटासाठी संध्याकाळचा चहा सोडतो, चपलांचे तळ झिजू नयेत म्हणून जपून चालतो. आणि खरेदी करताना तो आणि त्याचा शिंपी कापडाला हात आखडत नाहीत. काटकसर करतात ती कॉलरच्या केसाळ कातड्यात. पैसा कुठे घालावा आणि कुठे वाचवावा हे त्या दोघांना नेमके कळले होते. आपणही कापड आणि शिलाईवर खर्च करावा. ब्रँडची पट्टी, चकचकीत बटणे, मखमल यांना खुशाल फाटा द्यावा.

निगा

नव्या कोटाच्या मागच्या चिरेला फुलीच्या आकाराचा धागा घातलेला असतो. कोट घालण्याआधी तो कापायचा असतो. बाहीवरची कापडाच्या नावाची पट्टीही उसवायची असते, मिरवायची नसते. कोट रुंद लाकडी हँगरवर टांगावा, खिळ्याला नव्हे. ओला झाला तर हीटरपासून दूर, मोकळ्या हवेत वाळू द्यावा. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने वरून खाली झाडावा. ड्रायक्लीन हंगामात एकदा पुरे.

सुट्टीत मुलाने कोट इथे आणून ठेवला तर मात्र आपली जबाबदारी वाढते. बेळगावच्या पावसाळ्यात लोकरीला बुरशी धरते आणि कसर लागते. स्वच्छ करूनच ठेवावा, कारण कसर मळलेल्या जागा आधी खाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता जुन्या सुती चादरीत गुंडाळावा, सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबरगोळ्या ठेवाव्यात, आणि ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढून हवा द्यावी.

मराठीत कोट म्हणजे किल्ला, कानडीत कोटे म्हणजेही किल्लाच. अंगावरच्या कोटाचा शब्द इंग्रजीतून आला, पण काम तेच. किल्ला एका दिवसात उभा राहत नाही आणि डागडुजीवाचून टिकतही नाही. मापात शिवलेला, नीट जपलेला लोकरीचा कोट वीस वर्षे सहज चालतो. तेव्हा शिवून घेताना शिवणीत थोडे जादा कापड सोडायला मास्तरांना आवर्जून सांगा. आज सडसडीत असलेला मुलगा चाळिशीत कसा असेल ते त्याच्या बापाकडे बघून मास्तरांना बरोबर कळते.