कोलिस्टिनची मात्रा आणि मूत्रपिंडाचे रक्षण

एकदा त्याज्य ठरविलेले औषध काही दशकांनी पुन्हा हाती घ्यावे लागावे, असे प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात थोडेच आढळतात. कोलिस्टिनची कथा अशांपैकी एक होय. १९४७ साली जपानमध्ये एका दंडाकार जीवाणूपासून हे प्रतिजैविक मिळविण्यात आले आणि १९५९ पासून ते रुग्णांना टोचले जाऊ लागले. परंतु मूत्रपिंड व मज्जासंस्था यांवरील त्याचे विषारी परिणाम लवकरच ध्यानात आले. जेंटामायसिनसारखी औषधे उपलब्ध होताच १९७० नंतरच्या दशकात ते मागे पडले. पुढे कार्बापेनेम वर्गाच्या औषधांनाही दाद न देणारे अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला व स्यूडोमोनास हे जीवाणू रुग्णालयांत बळावले. नवी दिल्लीचे नाव धारण करणारे एन्‌डीएम-१ हे विकर २००९ साली वर्णिले गेले. आणि अन्य उपाय खुंटल्यामुळे कोलिस्टिनला परत बोलवावे लागले. औषध परतले तशी त्याविषयीची भीतीही परतली. या भीतीपोटी मात्रा कमी ठेवणे म्हणजे मूत्रपिंडाचे रक्षण करणे, असा समज पुष्कळदा आढळतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम औषधाचे स्वरूप पाहू. शिरेवाटे दिले जाते ते कोलिस्टिन नव्हे, तर कोलिस्टिमेथेट सोडियम हे त्याचे निष्क्रिय पूर्वरूप होय. शरीरात त्याचे सावकाश रूपांतर होऊन क्रियाशील कोलिस्टिन निर्माण होते. या दोन द्रव्यांशी मूत्रपिंडाची वागणूक अगदी भिन्न आहे. पूर्वरूप मूत्रपिंडातून झपाट्याने मूत्रात उतरते. उलट, गाळल्या गेलेल्या कोलिस्टिनचा बहुतेक भाग मूत्रपिंडाच्या सूक्ष्मनलिका परत शोषून घेतात. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, ज्याचे मूत्रपिंड सशक्त त्याच्या शरीरातून पूर्वरूप रूपांतर होण्यापूर्वीच निसटते आणि त्याला औषध अपुरे पडण्याचा संभव असतो. ज्याचे मूत्रपिंड दुर्बळ त्याच्या रक्तात कोलिस्टिन साचत जाते. दुसरी अशी की, शोषून घेणाऱ्या त्या नलिकांच्या पेशींतच औषधाचा संचय होतो, पेशींतील ऊर्जाकेंद्रांना इजा पोहोचते आणि अखेर त्या पेशी मरतात. मूत्रपिंडावरील आघाताचे मूळ ते हेच.

आता प्रश्न उरतो तो रक्तातील योग्य पातळीचा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशींत रक्तद्रवातील सरासरी पातळी दर लिटरला २ मिलिग्रॅम असावी, असे म्हटले आहे. याहून पातळी वाढू लागली की मूत्रपिंडास इजा होण्याचे प्रमाणही वाढू लागते. परंतु ज्या जीवाणूंची वाढ रोखण्यास किमान २ मिलिग्रॅम लागतात त्यांच्या बाबतीत ही पातळी जेमतेमच होय, आणि फुप्फुसाच्या संसर्गात तर ती अपुरी पडण्याची शक्यता असते. तात्पर्य, गुणकारी पातळी व घातक पातळी यांच्यामध्ये अंतर जवळजवळ नाहीच. २०२० साली अमेरिकेतील प्रयोगशाळा-मानक संस्थेने कोलिस्टिनच्या बाबतीत 'संवेदनशील' हा वर्गच काढून टाकला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

अशा अरुंद वाटेवर पहिली चूक होते ती पहिल्याच मात्रेत. रिकामा हौद भरण्यास किती पाणी लागेल, हे हौदाच्या आकारावर ठरते. त्याच्या तळाची मोरी लहान की मोठी, यावर नव्हे. एकदा भरलेली पातळी कायम राखावयाची असेल, तर मात्र मोरीतून किती पाणी वाहून जाते हे पाहावे लागते. पहिली मात्रा हौद भरण्यासाठी असते, पुढील मात्रा पातळी राखण्यासाठी. म्हणून मूत्रपिंड दुर्बळ आहे एवढ्याच कारणाने पहिली मात्रा घटविणे तर्कास धरून नाही. ग्रीसमधील अत्यवस्थ रुग्णांवरील २००९ सालच्या अभ्यासात कोलिस्टिनचा अर्धायुःकाल सुमारे १४ तासांचा आढळला. मोठी आरंभिक मात्रा न दिल्यास पातळी स्थिर होण्यास दोन-तीन दिवस लागतात, असाच त्याचा अर्थ. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रुग्णाच्या दृष्टीने हेच दिवस निर्णायक असतात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. २५ वर्षांचा एक पुरुष व ७५ वर्षांची एक स्त्री, दोघांचे वजन ६० किलोग्रॅम, आणि दोघांच्याही रक्तात १०० मिलिलिटरला १ मिलिग्रॅम क्रिएटिनिन आहे, असे समजू. तपासणीच्या कागदावर दोघांचे मूत्रपिंड सारखेच दिसेल. परंतु कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांच्या १९७६ सालच्या सूत्राने गणित केल्यास क्रिएटिनिनचे निष्कासन पुरुषात मिनिटाला सुमारे ९६ मिलिलिटर, तर स्त्रीत सुमारे ४६ मिलिलिटर येते. वर उल्लेखिलेल्या शिफारशींनुसार दोघांनाही आरंभी ३०० मिलिग्रॅम कोलिस्टिन-मूल्याची मात्रा द्यावयाची. त्यानंतर पुरुषास दिवसाला ३६०, तर स्त्रीस २२० मिलिग्रॅम, दोन भागांत विभागून. भेद पडतो तो दुसऱ्या टप्प्यावर, पहिल्यावर नव्हे. शिवाय हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर असल्याचे गृहीत धरते. अत्यवस्थ रुग्णात ते स्थिर नसते; मूत्रपिंडाची इजा होऊन गेल्यावरच क्रिएटिनिन चढू लागते. म्हणून गणित एकदा करून भागत नाही, ते रोज नव्याने करावे लागते.

येथे मापनाच्या घोटाळ्याचाही इशारा देणे आवश्यक आहे. काही कुप्यांवर पूर्वरूपाचे वजन, काहींवर कोलिस्टिन-मूल्य, तर काहींवर आंतरराष्ट्रीय एकके छापलेली असतात. १० लाख एकके म्हणजे पूर्वरूपाचे सुमारे ८० मिलिग्रॅम, परंतु कोलिस्टिन-मूल्याचे केवळ सुमारे ३३. एका मापाचा आकडा दुसऱ्यात वाचला गेला, तर मात्रा जवळजवळ अडीचपट चुकते.

याच कुळातील पॉलिमिक्सिन-बी हे औषध क्रियाशील रूपातच दिले जाते आणि त्याचे निष्कासन मुख्यत्वे मूत्रपिंडावाटे होत नाही. त्यामुळे मूत्रपिंड बिघडले असता त्याची मात्रा कमी करण्याचे कारण उरत नाही. तसे केल्यास रुग्णास केवळ अपुरे औषध मिळते. मूत्रपिंडास त्याची बाधा तुलनेने कमी होते, असे दिसून आल्याने बहुतेक गंभीर संसर्गांत ते अधिक पसंत केले जाते. मूत्रमार्गाच्या संसर्गात मात्र कोलिस्टिन श्रेयस्कर, कारण त्याचे पूर्वरूप मूत्रात उतरून तेथेच क्रियाशील होते.

मग मूत्रपिंडाचे रक्षण करावयाचे तरी कसे? अ‍ॅमिनोग्लायकोसाइड, व्हॅन्कोमायसिन, अ‍ॅम्फोटेरिसिन-बी व वेदनाशामके यांसारखी मूत्रपिंडास जाचक औषधे शक्य तेथे वगळणे; रुग्णाच्या शरीरातील द्रवाची उणीव भरून काढणे; सोय असेल तेथे रक्तातील पातळी मोजणे; आणि उपचार आवश्यकतेपलीकडे एक दिवसही न लांबविणे, हे खरे उपाय होत. सोबत दुसरे औषध दिले म्हणून कोलिस्टिन कमी करावे, या तर्कालाही भक्कम आधार नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४०६ रुग्णांच्या चाचणीत कोलिस्टिनला मेरोपेनेमची जोड दिल्याने उपचारातील अपयश लक्षणीय प्रमाणात घटले नाही. सर्वांत मोठे रक्षण अर्थातच औषधाच्या निवडीत आहे: ज्या जीवाणूवर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टमसारखे नवे औषध लागू पडते आणि ते मिळू शकते, तेथे कोलिस्टिनकडे वळूच नये.

अपुऱ्या मात्रेचे दुष्परिणाम एका रुग्णापुरते राहत नाहीत, हेही विसरता कामा नये. अर्धवट मारा सहन करून उरलेले जीवाणू प्रतिकारक्षम होतात आणि शेजारच्या खाटेवर पोहोचतात. एका जीवाणूतून दुसऱ्यात संक्रमित होणारे कोलिस्टिन-प्रतिकारक जनुक २०१५ साली चीनमधून नोंदले गेले. २०१९ च्या जुलैत भारत सरकारने खाद्योपयोगी पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली, तीही या औषधाची उपयुक्तता टिकावी म्हणूनच. भीतीने घटविलेली मात्रा मूत्रपिंडास पूर्ण अभय देत नाही आणि जीवाणूस मात्र संधी देते. यास्तव विद्यार्थ्यांनी कोलिस्टिन लिहून देताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: आज पातळी गाठण्यास किती औषध हवे, आणि उद्यापासून ती राखण्यास किती. मूत्रपिंडाचे मत विचारावयाचे ते दुसऱ्या प्रश्नापुरते.