दोन दिवस खाडीकाठी, स्वयंपाकघरापासून दूर

सहलीचा बेत ठरला की घरात उत्साहाला उधाण येते. मुले पोहण्याचे कपडे शोधू लागतात, पतिराज गाडीचे आरक्षण करून मोकळे होतात. गृहिणी मात्र आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत दशम्या लाटत, चटणी कुटत आणि पिशव्या भरत असते. तिथे पोहोचल्यावरही ‘स्वयंपाकाची सोय असलेला’ बंगला घेतलेला असेल, तर सकाळच्या चहापासून रात्रीच्या खिचडीपर्यंत सारे तिच्याच हातचे. परतल्यावर मैलभर कपडे धुवायचे, ते वेगळेच. बाकीच्यांची सुट्टी होते, तिची फक्त जागा बदलते.

म्हणूनच शनिवार-रविवारच्या सुट्टीसाठी ठिकाण निवडताना एक साधी कसोटी लावावी: या दोन दिवसांत घरातील बाईला चूल पेटवावी लागणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तरच ती सुट्टी सगळ्या कुटुंबाची.

या कसोटीला उतरणारी ठिकाणे देशभर आहेत. पण पाणी दाराशी, जेवण घरगुती आणि धावपळ शून्य असे हवे असेल, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवबागचा विचार जरूर करावा.

एकीकडे नदी, एकीकडे समुद्र

मालवणहून दक्षिणेला निघाले की सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली लागते आणि त्याच वाटेने पुढे गेल्यावर देवबाग. हे गाव म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये नारळीच्या बागांतून वसलेली घरे. गावाच्या टोकाशी नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर भोगवे दिसते. सकाळचा सूर्य नदीवर उगवतो आणि संध्याकाळी समुद्रात बुडतो. दोन्ही पाहण्यासाठी गाव ओलांडण्याइतकेच चालावे लागते.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर इथल्या अनेक कुटुंबांनी घरातल्याच दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी नीटनेटक्या केल्या. खाली घर, वर किंवा शेजारी खोल्या, अंगणात टेबले मांडलेली खाणावळ आणि मागे खाडी, अशी ही व्यवस्था असते. ‘न्याहारी व निवास’ योजनेत नोंदलेली घरेही आहेत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्वतःचे निवासस्थान आहे. मोठ्या हॉटेलातील थाट इथे मिळणार नाही, पण ‘आणखी एक वडा घ्या’ असा आग्रह मिळेल.

ताटात काय येते?

सकाळी न्याहारीला घावणे आणि खोबऱ्याची चटणी, नाहीतर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे. एखाद्या घरी तांदळाचे शिरवाळे आणि गूळ घातलेला नारळाचा रस मिळाला, तर मुले दुपारपर्यंत जेवण मागत नाहीत.

दुपारचे जेवण त्या दिवशी जाळ्यात काय आले त्यावर ठरते. बांगडा, पेडवे, मुडदुशे, कोळंबी, तिसऱ्या, कुर्ल्या यांपैकी जे ताजे असेल ते घ्यावे. सुरमईला इथे इसवण म्हणतात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हवेच. वाटणात न वाटता ते नुसते ठेचून घालतात आणि खाताना बाजूला काढतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे, कारण दाताखाली आले तर जीभ बधिर होते. शेवटी कोकमाचे आगळ आणि नारळाचे दूध यांची गुलाबी सोलकढी. रात्री कोंबडी-वडे करायला सांगावे. हे वडे तांदूळ व उडदाच्या पिठाचे असतात आणि त्यांत धने, मेथी, बडीशेप घातलेली असते.

शाकाहारी कुटुंबांनी बिचकण्याचे कारण नाही. कुळथाची पिठी, फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी, हंगामात ओल्या काजूची उसळ आणि गोडाला मणगणे असा बेत कुठल्याही मालवणी घरात होऊ शकतो. फक्त तो खोली ठरवतानाच सांगायला हवा. भांडी वेगळी हवी असतील तर तेही तेव्हाच विचारून घ्यावे.

दोन दिवस कसे घालवाल?

बहुतेक कुटुंबांची चूक इथेच होते. दोन दिवसांत किल्ला, स्कूबा डायव्हिंग, डॉल्फिन, बाजार आणि चार देवळे उरकण्याच्या नादात माणसे दमून परततात. दिवसाला एकच मोठा कार्यक्रम ठेवावा आणि उरलेला वेळ पाण्याला द्यावा.

शनिवारी सकाळी पोहोचल्यावर आंघोळ, न्याहारी आणि एक झोप. ऊन उतरल्यावर समुद्राच्या बाजूला फिरायला जावे. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. होडीतून समुद्रात अर्धगोलाकार जाळे सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसे मिळून ओढतात. ताटातली मासळी किती हातांतून येते, हे मुलांना कुठल्याही पुस्तकापेक्षा इथे चांगले कळते.

रविवारी सकाळी होडीने संगमापर्यंत जाऊन यावे किंवा मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला पाहावा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले आणि ते १६६७ मध्ये पूर्ण झाले. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. चारी बाजूंनी खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. बेटाभोवतीचा समुद्र १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो, म्हणून प्रवाळ तोडणे किंवा पिशव्या-बाटल्या पाण्यात टाकणे कटाक्षाने टाळावे.

दुपारी मात्र कुठेही जाऊ नये. खाडीकडच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसावे. भरतीचे पाणी नदीत वर चढताना आणि ओहोटीला समुद्राकडे परतताना पाहणे, हाही एक कार्यक्रमच आहे.

भरतीचा हिशेब

कोकणातील जुनी माणसे घड्याळाआधी तिथी पाहतात. पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पाणी पूर्ण भरते. दिवसातून दोनदा भरती येते आणि प्रत्येक भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. हा केवळ अंदाज आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी नक्की वेळ यजमानांना विचारावी.

संगमावर पोहण्याचा मोह तर मुळीच करू नये. तिथे नदीची ओढ आणि समुद्राची लाट एकत्र येतात आणि गुडघाभर वाटणारे पाणीही पाय उचलते. होडीत बसताना लहानमोठ्या सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे. क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली होडी सरळ सोडून द्यावी. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. पाचशे रुपये वाचावेत किंवा पुढची फेरी चुकू नये म्हणून असा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

चुलीमागची दुसरी बाई

आता एका गोष्टीचा विचार प्रत्येक पाहुण्याने करायला हवा. एका गृहिणीला दोन दिवस चूल पेटवावी लागत नाही, कारण दुसरी एक गृहिणी ती पेटवत असते. देवबागसारख्या गावात या घरगुती खाणावळींचा भार बहुधा घरच्या बायकांवरच असतो. पहाटे मासळी पाहायची, ती साफ करायची, नारळ खवायचा, वाटण करायचे, पंगती वाढायच्या, खोल्यांच्या चादरी बदलायच्या आणि रात्री उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा तवा ठेवायचा. लोकांचा शनिवार-रविवार म्हणजे तिचे सर्वांत कष्टाचे दिवस.

हे उत्पन्न तिच्या घराला आधार देते, यात शंका नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘आई’ हे महिला पर्यटन धोरण आणले. त्यात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाची भरपाई अटींनुसार मिळू शकते. पण धोरणाइतकेच पाहुण्यांचे वागणेही महत्त्वाचे असते.

जेवणाची वेळ आणि माणसांची संख्या आदल्या दिवशीच सांगावी. सहा जणांचे जेवण सांगून ऐनवेळी बाहेर जेवून येऊ नये, कारण मासळी आणलेली असते, वाटण झालेले असते आणि ते दुसऱ्या दिवशी वाढता येत नाही. तसे झालेच, तर त्या जेवणाचे पैसे न मागता द्यावेत. जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ असतो. त्या दिवसांत ‘पापलेट का नाही?’ म्हणून हुज्जत घालू नये. ठरलेल्या दरात शेवटच्या दिवशी घासाघीस करू नये. जेवण आवडले, तर ते बाहेर बसलेल्या यजमानांना सांगून थांबू नये, आत जाऊन जिने रांधले तिला सांगावे. आपापली ताटे उचलून ठेवण्याची सवय मुलांना लावण्यासाठीही ही जागा उत्तम आहे.

खोली ठरवताना विचारा

दूरध्वनीवरच पाच प्रश्न विचारून घ्यावेत. पाणी खोलीपासून किती अंतरावर आहे आणि मध्ये कठडा आहे का? जेवण घरातच बनते का? वृद्धांसाठी तळमजल्यावर खोली व कमोडची सोय आहे का? दरात न्याहारी धरली आहे का? बेत रद्द झाला तर आगाऊ रक्कम परत मिळेल का? उत्तरे मोकळेपणाने मिळाली, तर निम्मी काळजी मिटली.

कधी आणि कसे जाल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखद. मे महिन्यात आंबे-फणस मिळतात, पण उकाडा आणि गर्दीही असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. ज्यांना फक्त पाऊस आणि खाडी पाहायची आहे, त्यांच्यासाठी मात्र तेव्हा गाव शांत असते.

मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या एक्स्प्रेस सकाळी कुडाळला पोहोचते. तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटरवर आहे. रविवारी रात्री परतीची गाडी पकडली की सोमवारी सकाळी मुंबई. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, त्यामुळे जोडून सुट्ट्या असतील तर त्याच दिवशी तिकीट काढावे. कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याहून मोटारीने येणे सोयीचे. दिल्ली, हैदराबाद, बंगळूरकडील वाचकांना उत्तर गोव्यात मोपा येथे जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उपयोगी पडेल.

निघताना आगळाची बाटली, मालवणी मसाला आणि आल्या-गुळातले खाजे जरूर घ्यावे. मात्र सोमवारी घरी पोहोचल्यावर पिशव्या उघडण्याचे आणि पहिला चहा टाकण्याचे काम घरातील दुसऱ्या कुणीतरी करावे. तेवढे झाले, तर गृहिणीच्या दोन दिवसांच्या सुट्टीत आणखी एका सकाळची भर पडेल.