आधी गंधार दाखवा, मग यमन गा

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल ध्वनीवर बोलायला उभे राहत, तेव्हा त्यांच्या दोन मजले खाली एक पियानो वाजत असे. वरच्या श्रोत्यांना तो ऐकू येत नसे. पियानोच्या ध्वनिफलकावर एक लांब लाकडी काठी टेकवलेली होती आणि ती पत्र्याच्या नळीतून दोन्ही मजले ओलांडून सभागृहात वर आलेली होती. काठीचं टोक मोकळं असेपर्यंत सगळं शांत. टिंडल त्या टोकावर हार्प टेकवत आणि तारांना कोणाचाही हात न लागता तिच्यातून खालच्या पियानोची धून घुमू लागे. हार्प उचलली की धून थांबे. १८६७ साली त्यांची ध्वनीवरची आठ व्याख्यानं पुस्तकरूपाने आली, त्यांत हा प्रयोग आहे. मूळ कल्पना चार्ल्स व्हीटस्टन यांची. वाद्यांच्या धंद्यात वाढलेल्या या तरुणाने १८२१ मध्येच लंडनमध्ये असं 'मंतरलेलं' वाद्य लोकांपुढे टांगून ठेवलं होतं.

कंप लाकडातून सहज प्रवास करतो, पण काठीचं बारीक टोक पुरेशी हवा हलवू शकत नाही. त्याला रुंद फलक लागतो. तंबोऱ्याला तबली आणि भोपळा असतो तो याचसाठी. टिंडल यांनी हे सांगायला किती वाक्यं खर्ची घातली असतील ती असोत, लोकांना ते पटलं हार्प टेकवली त्या क्षणी.

छोट्या खोलीत, जिवंत वादनाबरोबर थोडं विज्ञान सांगण्याची ही रीत आजही चालू आहे. ऑक्सफर्डचे कणभौतिकशास्त्रज्ञ ब्रायन फॉस्टर स्वतः हौशी व्हायोलिनवादक. २००५ हे भौतिकशास्त्राचं जागतिक वर्ष होतं, त्या सुमारास व्हायोलिनवादक जॅक लिबेक यांच्या साथीने त्यांनी आइन्स्टाइनवरचे कार्यक्रम सुरू केले. फॉस्टर बोलणार, लिबेक वाजवणार. पुढे या दोघांनी 'ऑक्सफर्ड मे म्युझिक' हा महोत्सव उभा केला. त्यात चेंबर म्युझिकच्या मैफली आणि विज्ञानाची व्याख्यानं शेजारी-शेजारी असत आणि दोन्ही भरत हॉलीवेल म्युझिक रूममध्ये. १७४८ साली खास संगीतासाठी बांधलेली ही वास्तू फार तर दोनशे माणसांची. व्हायोलिनचा गज तारेवर चढतानाची खरखरसुद्धा मागच्या रांगेला ऐकू जावी, एवढीच.

आइन्स्टाइन व्हायोलिन वाजवत, ऑक्सफर्डला आले की घरगुती क्वार्टेटमध्ये आनंदाने बसत. विल्यम हर्शेल बाथमध्ये ऑर्गनवादक होते आणि तिथेच १७८१ मध्ये त्यांनी युरेनस शोधला. अलेक्सांडर बोरोदिन यांचा व्यवसाय रसायनशास्त्राचा. त्यांचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट १८८१चं. अशा कार्यक्रमांत ही नावं हमखास येतात आणि श्रोते त्यांवर खूश असतात. मला मात्र हा धागा कच्चा वाटतो. बोरोदिन यांनी अल्डिहाइडवर काम केलं हे समजल्याने त्यांच्या क्वार्टेटमधला चेलो वेगळा ऐकू येत नाही. माणसाचं चरित्र कळतं, कान होता तिथेच राहतो. भाषण आणि वादन एकाच संध्याकाळी ठेवायचं, तर भाषणाने कानाला काहीतरी नवं द्यायला हवं.

ते कसं द्यावं, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३च्या आपल्या ध्वनीवरच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. प्रत्येक सुरात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वरांश दडलेले असतात, पण आपण तो सूर एकसंध ऐकतो. त्यातला एखादा अंश वेगळा ऐकायचा असेल तर काय करावं? तोच स्वर आधी हळू, एकटा वाजवावा आणि लगेच मूळ सूर छेडावा. कान आधीचा स्वर धरून ठेवतो आणि मग तो त्याला आतमध्ये सापडतो. ही सूचना त्यांनी ध्वनीच्या अभ्यासकांसाठी केली होती, पण मैफलीपूर्वीच्या भाषणाचा सगळा नियम तिच्यात आहे. भाषण वादनाच्या अगदी लगत हवं आणि दहा-पंधरा मिनिटांत संपायला हवं, कारण कानात धरलेला तो स्वर तासभर टिकत नाही.

आपल्याकडे यासाठी तंबोऱ्यासारखं दुसरं वाद्य नाही. काळी एकच्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९च्या आसपास. तिचा पाचवा अंश साधारण ३४६वर येतो आणि तोच आपला 'स्वयंभू गंधार'. कोणी न लावता लागलेला. बैठकीतले जाणकार तो ऐकून माना डोलावतात आणि नवखा श्रोता आपल्याला काही कळत नाही असं समजून गप्प बसतो. त्याच्यासाठी गायकाने फक्त एकदा हलक्या आवाजात तो गंधार धरावा, मग थांबून खर्ज छेडावा. पुढच्या दोन-तीन आवर्तनांत बहुतेकांना तो सापडतो आणि एकदा सापडला की तो कानाआड करणं अवघड.

यातला भौतिकशास्त्राचा सर्वांत सुंदर भाग घोडीवर आहे. व्हायोलिनची तार घोडीच्या धारदार कडेवरून सुटते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उताराची, त्यामुळे कंप पावणारी तार तिच्या पाठीवर पुन्हा पुन्हा घासत जाते आणि दर वेळी थोडी ऊर्जा वरच्या स्वरांशांकडे वळते. तारेखाली सूत सरकवून कारागीर हा स्पर्श नेमका साधतो. सूत केसभर मागे-पुढे झालं तरी आवाज बंद होतो किंवा खुलतो. यालाच आपण जवारी लागणं म्हणतो. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणेवर लिहिलं, ते याच घोडीमुळे. जुना नियम असा की तार जिथे छेडली त्या बिंदूवर ज्या अंशाचा कंप शून्य असतो तो अंश उमटूच नये. तंबोरा आपण साधारण तारेच्या मध्यावर छेडतो. तिथे दुसऱ्या अंशाचा कंप शून्य, म्हणजे वरचा षड्ज ऐकू यायला नको. तो खणखणीत ऐकू येतो. तंबोरा हा नियम मोडतो, हे रामन यांनी दाखवलं आणि ते पडताळायला बैठकीत एक बोट पुरेसं आहे.

तबल्याचंही तसंच. साध्या गोल चामड्याचे कंप एकमेकांशी १, १.५९, २.१४, २.३० अशा आडमाप प्रमाणात असतात, म्हणून ढोल दणदणतो पण सुरात लागत नाही. मधोमध शाईचे थर चढवल्यावर हे प्रमाण बदलून १, २, ३, ४, ५च्या जवळ येतं. रामन यांनी १९२० मध्ये हे प्रथम मांडलं आणि १९३४च्या सविस्तर निबंधात दाखवलं की पहिले नऊ कंपप्रकार मिळून पाचच स्वरांश होतात. पुडीवर बारीक वाळू भुरभुरून ते कंप जिथे थांबतात त्या रेषा त्यांनी पाहिल्या. तबलजी 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकवून तर्जनीने चाटेवर आघात करतो. ती टेकवलेली अनामिकाच मूळ कंप दाबते आणि वरचा सूर मोकळा सोडते. बोट टेकवून एकदा आणि उचलून एकदा असा दोनदा आघात करून दाखवला की शाळकरी पोरालाही फरक कळतो.

महाराष्ट्राने हा खेळ शंभर वर्षांपूर्वी फार गंभीरपणे खेळला आहे. स्वयंभू गंधार ३४६ हर्ट्झचा, पण समान अंतराच्या स्वरांवर लावलेल्या पेटीचा गंधार ३४९चा. दोन्ही एकदम धरले तर सेकंदाला जवळपास तीन ठोके ऐकू येतात. हा फरक कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या मनाला डाचत होता. डेप्युटी कलेक्टरची नोकरी केलेल्या या गृहस्थांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या साहाय्याने श्रुतींची मोजमापं केली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. साताऱ्यातले न्यायाधीश ई. क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले आणि श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली तेव्हा तिथे भातखंडे होते, नामवंत गवई होते आणि वाद जोरदार झाला. श्रुतींच्या आकड्यांबाबत देवलांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण सिद्धान्त मांडणारा, वाद्य आणि तो सिद्धान्त तपासू शकणारा गळा या तिघांना त्यांनी एका छपराखाली आणलं. इतकी नेटकी मांडणी आज आपल्या विद्यापीठांतही क्वचित दिसते. सप्रयोग व्याख्यानं आपल्याकडे आजही होतात, पण ती बहुतेक रागांवर आणि घराण्यांवर असतात. आवाज म्हणजे काय, याकडे फारसं कोणी वळत नाही.

हे पुन्हा करायला फारसा खर्च नाही. पन्नास-साठ माणसांची खोली हवी आणि माईक नको, कारण लाऊडस्पीकरमधून येणारा तंबोरा जवारीचा निम्मा तपशील गमावून बसतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या एखाद्या कारागिराला अगत्याने बोलवावं आणि पहिली वेळ त्याला द्यावी. तो जवारी बिघडवून दाखवेल, मग लावून दाखवेल. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने त्याच्या शेजारी बसून तेवढंच समजावावं आणि फळ्यावर समीकरण लिहायचा मोह टाळावा. मग गायकाने एकदा गंधार धरावा, खर्ज छेडावा आणि लगेच यमन सुरू करावा. त्याचा वादी गंधारच आहे. बडा ख्याल पूर्ण होऊ द्यावा. प्रश्नोत्तरं ठेवायचीच असतील तर मध्यंतरात, चहाबरोबर, आणि तंबोरे तिथेच, लोकांना हात लावता येईल असे ठेवून.