पडदा कोणता घ्यावा?

मुलगा राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, वडील दुकानाच्या हिशेबात आणि घरी मॉनिटर मात्र एकच घ्यायचा, हा पेच कित्येक इस्लामपूरकरांना ठाऊक असेल. मुलगा १४४ हर्ट्‌झचा मागतो. ६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, हा १४४ वेळा. अर्थात संगणकाने तितकी चित्रे पुरविली तर! धावत्या खेळात तो फरक खरोखर जाणवतो. पण हिशेबाचे आकडे काही धावत नाहीत. तेथे पाहावी ठिपक्यांची दाटी. २७ इंची पडद्यावर १९२० × १०८० ठिपके असले तर इंचाला सुमारे ८२ पडतात. २५६० × १४४० असले तर १०९. विरळ ठिपक्यांत आपली जोडाक्षरे, रफार, उकार गिचमीड दिसतात. दोन्ही गुण खिशाला परवडत नसतील तर आम्ही दाटीच घेऊ. बुद्धिबळ ६० हर्ट्‌झवरही उत्तम खेळता येते.